खुंटीवरची दुसरी पाटी

"कोणत्या परमिटाची?"

लोहकरे मामांनी त्या सकाळी हा प्रश्न चौथ्यांदा विचारला आणि मी चौथ्यांदा डोळे मिटून घेतले. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांचं बोट टेकलेलं होतं. मामा बोट टेकल्याशिवाय वाचत नसत, आणि बोट नेहमी कुठल्या तरी नटबोल्टाला लावून आलेलं असे.

"मामा, फीडरवरच्या परमिटची. तसंच लिहिलंय ना?"

"ते वाचलं मी. 'फीडरवरच्या परमिटची स्थिती सांगते.' पर कोणत्या परमिटाची?"

"जे असेल त्याची."

"आन् दोन असली तर?"

"एका फीडरवर एका वेळी एकच परमिट. तुमच्याच संस्थेच्या नियमांच्या पुस्तकात आहे. पान बावीस."

मामांनी बोट उचललं. पडद्यावर तेलकट ठसा राहिला. "पुस्तकात आसंल," ते म्हणाले, "फीडर बेचाळीस किलोमीटरचा हाय. एका टोकाला एक टोळी चढती, दुसऱ्या टोकाला दुसरी. पुस्तक लिवणारा कंदी चढलाय का खांबावर?"

मी पडदा पुसायला रुमाल शोधू लागले.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, पुण्याच्या एका कंपनीत होते, आणि ज्या खोलीत जाईन तिथे सगळ्यांत शहाणी मीच अशी माझी खात्री होती. त्या कंपनीच्या खोल्यांमध्ये ते फारसं अवघडही नव्हतं. सोलापूर-धाराशिवच्या सीमेवरच्या एका सहकारी वीज संस्थेचं काम आम्हाला मिळालं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही. उपकेंद्रातली रोजची कामं एआय एजंटने करायची, असा बेत होता. एजंट म्हणजे एक अशी प्रणाली, जिला माणसाने साध्या भाषेत काम सांगायचं आणि तिने हाताशी दिलेल्या साधनांपैकी कोणतं कधी वापरायचं ते स्वतः ठरवायचं. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणारी वीजवाहिनी, बंद करणं हे एक साधन, चालू करणं हे दुसरं, परमिट तपासणं हे तिसरं, अशी एकतीस साधनं होती. एजंटला उपकेंद्र दिसत नव्हतं, खांब दिसत नव्हते, माणसं दिसत नव्हती. प्रत्येक साधनाखाली आम्ही जे वर्णन लिहू तेवढंच त्याचं जग. ती वर्णनं मराठीत हवीत अशी संस्थेची अट होती, कारण संचालकांना ती वाचून बघायची होती. एकाही संचालकाने वाचली नाहीत, हे वेगळं.

आधी ती आमच्या नचिकेत सबनीसने लिहिली होती. नचिकेत माझा वरिष्ठ. त्याला मराठीत रजेचा अर्ज सरळ लिहिता आला नसता. 'वीजप्रवाहाच्या पुनःस्थापनेसाठी सर्वसमावेशक सुविधा उपलब्ध करून देणारे प्रगत साधन', असलं काहीतरी त्याने एकतीस वेळा लिहिलं होतं. एजंट ते वाचून दिवे लावायला सांगितले की तक्रार नोंदवत होता आणि तक्रार सांगितली की हवामान बघत होता. मग काम माझ्याकडे आलं. मी सगळं फेकून दिलं आणि लिहिलं, 'फीडर चालू करते.' 'फीडर बंद करते.' एजंट ताळ्यावर आला. नचिकेतने मला शाबासकी दिली आणि तीच शाबासकी स्वतः वरच्यांकडून घेऊन आला.

"एक साधन, एक ओळ," तो सगळ्यांना सांगत फिरायचा. वाक्य माझं होतं. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला चीड यायची, पण माझाच अभिमान वाटायचाही.

मामांना ती एक ओळ पुरत नव्हती.

सोपान लोहकरे. उपकेंद्राचे ऑपरेटर, वय सत्तावन्न, डाव्या हाताला तीनच बोटं. उरलेली दोन कुठे गेली हे मी विचारलं नव्हतं. ड्रायव्हरने आपण होऊन सांगितलं. मामा तरुणपणी वायरमन होते. खांबावर असताना उपकेंद्रातल्या कुणीतरी लाइन चालू केली. मामांची दोन बोटं गेली आणि वरच्या आडव्या पट्टीवर बसलेला त्यांचा जोडीदार गेला. ज्याने चालू केली त्याला वाटलं होतं, सगळे उतरले असतील.

ते होऊ नये म्हणून परमिट असतं. खांबावर चढण्याआधी वायरमन उपकेंद्राकडून परमिट घेतो, म्हणजे लाइन बंद आहे आणि मी परत करेपर्यंत बंदच राहील असा शब्द घेतो. उतरला की परत करतो. संस्थेने यासाठी मोबाइलवर ॲप काढलं होतं. मामा ॲपवर नोंद करायचे, आणि शिवाय त्यांचं स्वतःचं एक प्रकरण होतं. फीडर चालू करायच्या मुठीच्या वर त्यांनी एक खुंटी ठोकली होती. प्रत्येक वायरमनच्या नावाची पत्र्याची पाटी, लाल रंगावर पांढरं नाव. परमिट दिलं की पाटी खुंटीवर चढायची. माणूस उतरला की पाटी उतरायची. खुंटी रिकामी झाल्याशिवाय मामा मुठीला हात लावत नसत.

मला ते शाळेतल्या हजेरीसारखं वाटायचं. मी नचिकेतला फोटो पाठवून खाली हसरे चेहरे टाकले होते.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी मामांचा फोन वाजला. मी समोरच बसले होते.

"कोन बोलतंय?" मामांनी विचारलं.

"मामा, मी. द्वारका."

"द्वारका कोन?"

"द्वारका वाघमारे."

"कुठून?"

"पिंपरी फाट्याच्या डीपीपासून."

"संगं कोन?"

"शिवा."

"दोगं खाली?"

"दोगं खाली. शिडी गाडीवर टाकली."

"साकळी काढली?"

"काढली."

कामापुरती तार जमिनीला जोडणारी ती साखळीही निघाल्याचं ऐकलं, तेव्हा कुठे मामा उठले, पाटी उतरवली आणि फीडर चालू केला. मी म्हटलं, "मामा, रोज तिचा आवाज ऐकता. नाव कशाला विचारता?"

"आवाज वळखतो म्हनूनच इचारतो," मामा म्हणाले. "वळखीचा मानूस आसला की इचारायचं ऱ्हाऊन जातं."

तासाभराने द्वारका स्वतःच आली, रबरी हातमोजे बदलून घ्यायला. पस्तिशीची बाई, खाकी शर्ट, पँट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. बाई असली तरी सगळे तिला वायरमनच म्हणत आणि तिलाही तेच आवडे. तिने माझ्या लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हेच का ते मशिन?"

"मशिन दुसरीकडे आहे. हे नुसतं त्याचं लिखाण."

"मग उद्यापास्नं मामा न्हाई, ते मला इचारणार? द्वारका, उतरलीस का म्हणून?"

"विचारणार नाही. तुम्ही ॲपवर परमिट परत केलं की त्याला कळेल."

"खडकीच्या वढ्याकडं रेंज न्हाई. टेकाडावर चढावं लागतं."

"मग टेकाडावर चढून करा."

"ते करीनच की. पर तवर मी वरच हाय हे त्याला कसं ठावं?"

"परमिट परत आलं नसेल तर ते चालू करणारच नाही, बाई." मी 'बाई' जरा जास्तच ओढून म्हटलं.

तिने मोजे हातात घालून बोटं हलवून बघितली. "मग बरंय," ती म्हणाली. "लिवणारानं नीट लिवलं म्हंजी झालं."

मामा तिच्यामागे उभे होते. "तेच तर मी सकाळपास्नं इचारतोय," ते म्हणाले. "कोणत्या परमिटाची."

सहावी वेळ. मी लॅपटॉप मिटला आणि गाडी बोलावली.

त्या संध्याकाळी लॉजवर मी आमच्या प्रोग्रामरने लिहिलेलं ते साधन उघडून बघितलं. मामांचं म्हणणं खोडून काढायचं आणि सकाळी पुरावा त्यांच्या पुढ्यात आपटायचा, एवढ्याचसाठी. दोन मिनिटं लागली. तेवढ्यात नचिकेतचा निरोप आला की वर्णनं आता गोठवली आहेत, उद्या चाचणी होईपर्यंत एका अक्षराला हात लावायचा नाही. मी बरं म्हणून कळवलं आणि खाली जेवायला गेले. शेवभाजी फार तिखट होती.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात मांडव होता. विजेच्या उपकेंद्रात मांडव कशाला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब इंगवले यायचे होते आणि भाऊसाहेब उन्हात उभे राहत नसत. भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता, एजंट काय करतोय ते सगळ्यांना दिसावं म्हणून. टीव्हीला हार घातला होता. एका संचालकाने त्याच्यापुढे नारळ फोडला आणि पाणी पॅनेलच्या दिशेने उडालं. मामांनी धावत जाऊन आपल्या टोपीने ते पुसलं. नचिकेत हे सगळं हात जोडून, भक्तिभावाने बघत होता. पुण्यात हाच माणूस गणपतीच्या वर्गणीला दार उघडायचा नाही.

खडकी फीडर सकाळपासून बंद होता. झाडाच्या फांद्या तारांना लागल्या होत्या, त्या तोडायच्या होत्या. नऊ वाजता द्वारकाने लांबच्या टोकाला परमिट घेतलं. पावणेदहाला महादू सुतार नावाच्या वायरमनने जवळच्या टोकाला दुसरं घेतलं, खांबावर तार जिच्यावर टेकते ती चिनीमातीची एक चिमणी बदलायला. मामांनी दोन्ही नोंदी ॲपवर केल्या. खुंटीवर दोन पाट्या लटकत होत्या.

अकराला भाऊसाहेब आले. बरोबर एक वार्ताहर, गळ्यात कॅमेरा. नचिकेतची नजर खुंटीवर गेली.

"हे काय लटकतंय? फोटोत किती घाण दिसेल. काढा ते."

"ते काढायचं नसतं, साहेब," मामा म्हणाले.

"अहो, फोटोपुरतं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीची केबल तपासत होते. त्यांनी पाट्या उतरवून शर्टाच्या खिशात घातल्या, पॅनेलपाशी वळून काहीतरी फिरवलं आणि बाजूला जाऊन उभे राहिले. मी ते पाहिलं, पण मला त्यात रस नव्हता.

अकरा वीसला महादू सुताराने ॲपवर परमिट परत केलं. त्याच्याकडे रेंज उत्तम होती. नचिकेतने घड्याळाकडे बघून भाऊसाहेबांपुढे कीबोर्ड सरकवला. भाऊसाहेबांनी एका बोटाने, दर अक्षराला वर बघत, लिहिलं : 'खडकी फीडर चालू कर.'

टीव्हीवर ओळी उमटू लागल्या. 'परमिटची स्थिती पाहत आहे. परमिट परत आलेले आहे. फीडर चालू करण्यास हरकत नाही. फीडर चालू करत आहे.'

टाळ्या पडल्या. पुढची ओळ आली आणि त्या विरल्या.

'आदेश पोहोचला नाही. पॅनेल स्थानिक नियंत्रणावर आहे.'

"म्हणजे काय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"म्हणजे किल्ली फिरवलीय, साहेब," मामा म्हणाले. "लांबून कुनी चालू करू नये म्हनून. किल्ली माझ्याकडं हाय."

"मग दे की ती."

"द्वारकीचं परमिट बाकी हाय."

नचिकेत हसला. मोठ्या लोकांसमोर लहान माणूस चुकला की तो नेहमी तसं हसायचा. "मामा, मशीन सांगतंय ना, परत आलंय म्हणून."

"ते सुताराचं. द्वारकीचं न्हाई." मामांनी खिशातून पाटी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. लाल रंग, पांढरी अक्षरं : द्वा. वाघमारे. "ही यीस्तवर किल्ली बी खिशातच ऱ्हाईल."

"म्हणजे आता पत्र्यावर विश्वास ठेवायचा की सिस्टीमवर?" नचिकेतने वार्ताहराकडे बघत विचारलं. मग तो माझ्याकडे वळला. "शर्वरी, वर्णनं तू लिहिली आहेस. हे साधन काय सांगतं ते सांग जरा यांना."

सगळे माझ्याकडे बघू लागले. भाऊसाहेब, संचालक, वार्ताहर. मामाही. मामांच्या नजरेत राग वगैरे काही नव्हतं. रोजच्यासारखा प्रश्न होता, तोच.

"फीडरवरच्या परमिटची स्थिती सांगतं," मी म्हणाले. "परत आलंय असं दाखवतंय."

"झालं?" नचिकेत म्हणाला.

"लोहकरे, किल्ली दे," भाऊसाहेब म्हणाले. "चार तालुक्यांचे लोक आलेत. माझी इज्जत काढतोस का?"

"साहेब, पोरगी खांबावर हाय."

"कशावरून?"

"उतरले म्हनून तिनं सांगितलं न्हाई."

एवढाच त्यांचा पुरावा होता. संचालकांपैकी कुणीतरी खुसखुसलं. मामांनी फोन काढून द्वारकाला लावला, लागत नव्हता. परत लावला. भाऊसाहेबांनी जीप पाठवली, शाखा कार्यालयात दुसरी किल्ली होती ती आणायला. वीस मिनिटांचं काम. तोवर पोहे आले.

मी पोहे खाल्ले. हे मुद्दाम सांगते. बशी घेतली, लिंबू पिळलं आणि शेव कमी आहे असंही कुणाला तरी म्हणाले. मामा पॅनेलसमोर स्टूल टाकून, पॅनेलला पाठ लावून बसले होते आणि तीन बोटांच्या हातात धरलेला फोन दर मिनिटाला कानाला लावत होते. त्यांना कुणी पोहे दिले नाहीत.

जीप आली. शाखेचा अभियंता किल्ली घेऊन आत आला. मामा उठून उभे राहिले.

"बाजूला व्हा, मामा," अभियंता म्हणाला. तो पोरगेलासा होता आणि घाबरलेला होता.

"मला उचल आन् ठेव बाजूला," मामा म्हणाले. "आपून हून मी सरकनार न्हाई."

भाऊसाहेबांचं तोंड लाल झालं. त्यांनी दोन माणसांना खूण केली, ती दोघं पुढे सरकली, आणि नेमका त्याच वेळी वार्ताहराने कॅमेरा डोळ्याला लावला. त्याला अर्थातच मामांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला नुसता बरा फोटो हवा होता. पण पत्र्याची पाटी हातात धरलेल्या म्हाताऱ्याला दोघं जण ओढतायत हा फोटो भाऊसाहेबांना नको होता. त्यांनी हाताने थांबवलं आणि वार्ताहराला चहा घ्या म्हणाले. वार्ताहर नको म्हणाला. मग सगळे तसेच उभे राहिले. नचिकेत पुटपुटत होता की लोकांना बदल नको असतो, त्याचा हा नमुना. घड्याळात बारा वाजून गेले.

बारा पाचला फोन वाजला. मामांनी तो मोठ्या आवाजावर टाकला, आम्ही ऐकावं म्हणून नव्हे, त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं म्हणून.

"कोन बोलतंय?"

"मामा, मी." ती धापा टाकत होती.

"मी कोन?"

"द्वारका. द्वारका वाघमारे."

"कुठून?"

"खडकीच्या टेकाडावरून. रेंजसाठी पळत आले."

"संगं कोन?"

"शिवा हाय खाली, गाडीपाशी."

"दोगं खाली?"

"दोगं खाली."

"कवा उतरली?"

"आत्ताच की, मामा. एका फांदीनं तार धरून ठेवली व्हती, तिच्यात तासभर गेला. मला वाटलं, मामा खोळंबले आसतील."

"साकळी काढली?"

"काढली."

मामांनी पाटी खिशात टाकली. किल्ली काढून पॅनेलला लावली, फिरवली आणि बाजूला झाले. "आता करा," ते म्हणाले.

मग भाऊसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "चला, चला. पाहुणे खोळंबलेत." त्यांनी पुन्हा एका बोटाने तेच वाक्य लिहिलं. एजंटने पुन्हा तेच केलं, अक्षरशः तेच, आणि या वेळी फीडर चालू झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईला अर्ध्या तासापूर्वी खांबावर चिकटवायला निघालेलीच ही माणसं होती, आणि टाळ्या मनापासून होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला : कृत्रिम बुद्धिमत्तेने उजळली गावे. फोटोत टीव्ही होता, हार होता, आणि कडेला, दात दाखवत, मी.

परतताना गाडीत नचिकेतने अहवाल लिहायला सांगितला. घडलेल्या प्रकाराला काहीतरी नाव द्यायला हवं होतं, आणि 'आपली चूक' हे नाव त्याला सुचलं नाही. 'ऑपरेटरने नियंत्रण किल्ली स्वतःजवळ अडवून ठेवल्यामुळे चाचणीस पंचेचाळीस मिनिटे विलंब झाला.' हे वाक्य मी लिहिलं. नेहमीप्रमाणे स्वच्छ. इंदापूरच्या आत लिहून झालं. महिन्याभरात भाऊसाहेबांनी त्या वाक्यावर बोट ठेवून मामांना उपकेंद्रातून काढलं आणि भांडाराच्या आवारात टाकलं. तिथे जळलेली रोहित्रं रचून ठेवलेली असतात. त्यांची राखण करत मामांनी नोकरीची उरलेली वर्षं काढली. खुंटी नव्या ऑपरेटरने उपटली.

माझं बरं चाललं. आता लोक मला साधनांची वर्णनं कशी लिहावीत यावर बोलायला बोलावतात. मोठाली हॉटेलं, गळ्यात नावाच्या पट्ट्या, दर दीड तासाला सामोसे. मी पडद्यावर एक वर्णन दाखवते. 'हे साधन फीडरवरच्या फक्त शेवटच्या परमिटची स्थिती सांगते. त्याआधीची परमिटं बाकी असू शकतात, ती हे साधन दाखवत नाही. फीडर चालू करण्याआधी याच्या एकट्याच्या उत्तरावर विसंबू नये. परमिटांची पूर्ण यादी दाखवणारं साधन आधी वापरावं. यादीतलं एकही परमिट बाकी असेल, किंवा परमिट घेणाऱ्या माणसाशी ऑपरेटर स्वतः बोललेला नसेल, तर फीडर चालू करू नये आणि तसं ऑपरेटरला सांगावं.' मग मी म्हणते, साधन काय करतं हे कुणीही लिहील. काय करत नाही आणि कधी वापरू नये, ते लिहा. सगळी मुंडकी खाली जातात आणि वहीत उतरवून घेतात. पूर्ण यादीचं साधन आमच्याकडे तेव्हाही होतं, एकोणिसावं. मी त्याच्याखाली 'मासिक अहवालासाठी' एवढंच लिहिलं होतं. ते मी हॉटेलात सांगत नाही. वर्णनाखाली लेखक म्हणून माझं नाव आहे.

ते वर्णन लिहिलं त्याच दिवशी, संध्याकाळी. मांडव उतरत होता. नचिकेत भाऊसाहेबांच्या बंगल्यावर जेवायला गेला होता. गोठवलेलं वर्णन आता बदललं तर चालेल, असं त्याने जाताजाता, माझ्याकडे न बघता, सांगितलं होतं. मी नियंत्रणकक्षात लॅपटॉप उघडला. मामा पाट्या पुसून खणात लावत होते.

"मामा, सांगा," मी म्हणाले. "तुम्ही सांगाल तसं लिहिते."

त्यांनी स्टूल ओढलं, हात पँटला पुसले आणि बोट पडद्यावर टेकवलं. या वेळी मी रुमाल शोधला नाही.

"आदी हे लिवा की हे कोणत्या परमिटाचं सांगतं."

मी लिहिलं, 'हे साधन फीडरवरच्या फक्त शेवटच्या परमिटची स्थिती सांगते.' हात अडखळला नाही. काही उघडून बघितलं नाही, पुण्याला कुणाला फोन केला नाही. मामांचं बोट अक्षरांखालून सरकत गेलं आणि 'शेवटच्या'पाशी थांबलं.

"हे शेवटच्या," ते म्हणाले. "हे तुमाला कवा कळलं?"

बाहेर मांडवाचे बांबू पडल्याचा आवाज येत होता. लॉजवर दोन मिनिटांत मी बघितलं होतं ते हेच. साधन शेवटची नोंद उचलत होतं आणि बाकीच्या सोडून देत होतं. द्वारकानंतर कुणी परमिट घेतलं आणि आधी परत केलं, तर द्वारका खांबावर आहे हे त्याला कधीच कळणार नव्हतं. नचिकेतचा निरोप त्यानंतर आला. मी त्याला फोन करू शकले असते. तो चिडला असता, एवढंच. पण मग सकाळी येऊन या बोटाने वाचणाऱ्या माणसासमोर मला म्हणावं लागलं असतं की मामा, तुमचं बरोबर होतं. ते मला नको होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

"आज," मी म्हणाले. "आज दुपारी कळलं."

मामांनी मान हलवली आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"मग ठीक," ते म्हणाले. "काल कळलं असतं तर तुमी काल बोलला असता. लिवा म्होरं."